मुक्कामी गाडीचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गातली निम्मीअधिक मुले एसटीने शाळेत यायची. गाडीला उशीर झाला की गुरुजी हजेरी थांबवून धरायचे. स्टँडवर गाडी लागल्याची खात्री झाल्याशिवाय हजेरीपट बंद करायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. यंदा बोलायचे आमंत्रण आले तेव्हा म्हणूनच महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, म्हणजे आपली एसटी, हाच विषय घ्यावा असे मनात आले. एसटीबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर लालपरीच्या आठवणींचा, दुसरा तोट्याच्या आकड्यांचा. मला दोन्ही अपुरे वाटतात. एसटीने नेमके काय केले, ते कोणाच्या जिवावर केले आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

१९४८ च्या आधी आपल्याकडे मोटारी नव्हत्या असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ रस्त्यांवर दिसू लागल्या होत्या. मालकाच्या दोन-चार गाड्या असायच्या, फार तर दहा. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. एकाच रस्त्यावर दोन मालक आले की उतारू ओढायची चुरस लागायची, आणि जिथे उतारू थोडे तिथे कोणी फिरकायचेच नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची शिस्त आणली, पण दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पेट्रोलचे रेशनिंग आले. मग कोळशाची भट्टी बसवून याच मोटारी चालवल्या गेल्या. चढ लागला की उतारूंनी खाली उतरायचे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते, गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. प्रवासी वाहतूक सरकारने स्वतःच्या हाती घ्यायची, असा निर्णय झाला. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर ही पहिली गाडी सुटली. बेडफर्ड कंपनीची गाडी, लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या. अशा जेमतेम तीस-पस्तीस गाड्यांवर कारभार सुरू झाला.

आजचे महाराष्ट्राचे जाळे मात्र या एकाच मुळापासून वाढलेले नाही. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. मुंबई राज्याच्या सोळा वर्षे आधी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्या जाळ्याचा मराठवाड्यातला भाग इकडे आला. नागपूरकडे ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस’ ही मध्य प्रांताची सेवा होती, तीही याच सुमारास सामील झाली. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, तसे त्यांचे महामंडळही वेगळे झाले. तीन राज्यकारभारांतून आलेल्या गाड्या, कामगार, नियम आणि सवयी एका छत्राखाली बसवल्या गेल्या. पुढे बसबांधणीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या: पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. एसटीच्या नंबरप्लेटी बघायची सवय असलेल्यांना हे ठाऊक असते. कोल्हापूरच्या गाडीवर एमएच १४ दिसले तर ती दापोडीची, एमएच २० असेल तर चिकलठाण्याची आणि एमएच ४० असेल तर हिंगण्याची. चेसिस लेलँडची किंवा टाटाची, पण वरचा सगळा पिंजरा आपल्याच कामगारांनी ठोकलेला. महामंडळ गाड्या नुसत्या चालवत नव्हते, बांधतही होते, हे बहुतेक प्रवाशांच्या कधी लक्षातच आले नाही.

आता कायद्याकडे वळतो. हा भाग रुक्ष आहे, पण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. १९५० साली केंद्राने मार्ग परिवहन महामंडळ कायदा केला. त्याचे कलम १८ सांगते की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट जोडलेली प्रवासी सेवा द्यावी. चार पावले पुढे गेलो की कलम २२ येते. ते सांगते की महामंडळाने धंद्याच्या तत्त्वांवर काम करावे. पुरेशी सेवाही द्यायची आणि धंदाही करायचा. पुणे–मुंबई रस्त्यावर या दोन कलमांचे भांडण होत नाही, तिथे पुरेशी सेवा हाच चांगला धंदा असतो. पण चाळीस उंबऱ्यांच्या वाडीला दिवसातून दोनदा गाडी पाठवायची तर धंद्याचे तत्त्व बाजूला ठेवावेच लागते. दोन्ही कलमे एकाच वेळी कशी पाळायची, हे कायद्याने सांगितले नाही.

त्या काळच्या लोकांनी एक तोड काढली. १९५६ साली मोटार वाहन कायद्यात चौथे-अ प्रकरण घातले गेले आणि राज्याच्या परिवहन संस्थेला मार्ग राखून ठेवता येऊ लागले. टप्पा वाहतूक, म्हणजे थांब्याथांब्यावर उतारू घेत जाणारी वाहतूक, एसटीने करायची. ज्या मार्गावर गर्दी आहे तिथली कमाई, जिथे गर्दी नाही तिथल्या फेरीला लावायची. मुंबई–पुण्याच्या प्रवाशाने, त्याला पत्ता नसताना, पाटणच्या खोऱ्यातल्या फेरीचे डिझेल भरायचे. ही व्यवस्था मला फार न्यायाची वाटते. ‘गाव तिथे एसटी’ ही घोषणा प्रत्यक्षात उतरू शकली ती या आडव्या मदतीमुळे. नुसत्या सदिच्छेने एकही गाडी घाट चढत नाही.

या व्यवस्थेचा परिणाम काय झाला? कोकणाचे उदाहरण घ्या. मुंबईचा चाकरमानी गावाला जायचा तो बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. एसटी आली तेव्हा रत्नागिरी, मालवण, देवगड बारमाही मुंबईला जोडले गेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होईपर्यंत हा सगळा भार प्रामुख्याने एसटीने वाहिला. कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली, या घाटांतून रात्रीच्या धुक्यात गाडी काढणारे चालक ही आपल्याकडची एक मोठी कौशल्यपरंपरा आहे. त्या रस्त्यांनी किंमतही मागितली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन गाड्या पुरात गेल्या. ते चालक-वाहक नेहमीची ड्युटी करत होते. आजच्यासारख्या व्यासपीठावरून त्यांची आठवण व्हायला हवी.

शिक्षणाचे तर विचारूच नका. माध्यमिक शाळा निघाल्या त्या मोठ्या गावांत, कॉलेजे निघाली ती तालुक्याला. आसपासच्या गावांतून मुले तिथे आणली कोणी? विद्यार्थ्यांच्या पासात साडेसहासष्ट टक्क्यांच्या वर सवलत. पुढे अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळाला. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या आल्या. ‘रस्त्याने पोरगी एकटी कशी जाणार’ या प्रश्नावर घराघरांत मिळालेले उत्तर ‘एसटीने’ हेच होते.

आणि जे कुठल्या योजनेत नव्हते तेही गाडी करत असे. मी तालुक्याला वसतिगृहात शिकलो. गावाकडची सकाळची गाडी यायच्या वेळेला आम्ही स्टँडवर जाऊन उभे राहायचो. चालकाच्या शेजारी, बॉनेटजवळ, डबे रांगेने ठेवलेले असत. ॲल्युमिनियमचे डबे, फडक्यात बांधलेले. कोणाचे फडके धोतराचे, कोणाचे जुन्या नऊवारीचे. आईला लिहिता येत नसे, म्हणून गाठीवरून ओळखायचे. माझ्या डब्याला हिरव्या काठाची चिंधी असे. भाकरी, कोरड्यास, मिरचीचा ठेचा, आणि कधी फडक्याच्या टोकाला बांधलेली पाच रुपयांची नोट. वाहक नाव घेऊन डबा हातात द्यायचा आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवून घ्यायचा. या कामाची नोंद कुठल्याही वेबिलात, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदात, होत नव्हती. महाराष्ट्रात किती मुले या डब्यावर पदवीधर झाली, ते मोजणे आता शक्य नाही. पण आज साठीच्या पुढे असलेल्या शिक्षक, तलाठी, वकील, डॉक्टर मंडळींना विचारून पाहा.

वाहकाच्या कामाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीने ते पाहिलेले नाही. आज हातात यंत्र असते, बटण दाबले की तिकीट येते. तेव्हा पत्र्याचा ट्रे असायचा, त्यात निरनिराळ्या किमतींच्या रंगीत तिकिटांच्या गड्ड्या. सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्प्यांवरून भाडे मनात काढायचे, त्या रकमेची दोन-तीन तिकिटे जुळवून फाडायची, पंचाने भोक पाडायचे, सुटे पैसे परत करायचे, आणि हे सगळे हलत्या गाडीत, दाटलेल्या माणसांमधून वाट काढत. शेवटी वेबिलाचा हिशेब पैशाला जुळला पाहिजे, नाहीतर पदरचे भरायचे. मधेच तपासणी पथक चढले तर एका सुटलेल्या तिकिटाचा जाब वाहकाला. मला तरी या नोकरीइतकी रोजच्या रोज परीक्षा घेणारी दुसरी नोकरी दिसत नाही.

पण एसटी म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर मुक्कामी गाडी बघावी. संध्याकाळी सात-साडेसातला तालुक्याच्या फलाटावरून सुटते. तिच्यात बाजाराहून परतलेल्या बायका, दवाखान्यातून घरी निघालेला एखादा म्हातारा, कोर्टाची तारीख करून आलेले दोघे-तिघे. फाट्याफाट्यावर गाडी रिकामी होत जाते आणि शेवटच्या गावाला पोहोचते तेव्हा तिच्यात पाच-सहाजण उरतात. चालक गाडी देवळासमोर वळवून, तोंड परतीच्या दिशेला करून लावतो. कोणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा गाडीतच आडवे होतात. वाहकाची पैशाची बॅग उशाला. पहाटे साडेपाच-सहाला गाडी सुरू होते. त्या आवाजावर गाव उठते. दुधाच्या किटल्या चढतात, कॉलेजची मुले चढतात, रात्री कोणाला जास्त झाले असेल तर त्याला धरून चढवतात.

या फेरीचे भारमान, म्हणजे आसनांपैकी किती भरली याचे प्रमाण, काढा. जाताना शेवटच्या दहा किलोमीटरांत पाच उतारू. कागदावर ती तोट्याचीच दिसणार. भारमान सुधारायचे म्हटले की पहिली कात्री तिच्यावर पडते, आणि गेल्या काही वर्षांत अशा कितीतरी मुक्कामी फेऱ्या बंद झाल्या. पण त्या पाच उतारूंना रात्री घरी पोहोचता येते, म्हणून तर ते सकाळी तालुक्याला जायला धजतात. दिवसभराच्या भरलेल्या फेऱ्या त्या रिकाम्या फेरीच्या भरवशावर भरतात. शेवटची गाडी काढून घेतली की दुपारची गाडीही हळूहळू रिकामी होते. मग तीही तोट्यात दिसते. मग तीही बंद. या क्रमाने आडबाजूच्या कितीतरी मार्गांवरची एसटी उठली. लोकांनी एसटी सोडली असे त्यानंतर म्हटले जाते, तेव्हा मला राहवत नाही. बहुतेक ठिकाणी आधी फेरी गेली, माणसे नंतर गेली.

ती गेली कुठे? पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या जीपमध्ये, खानदेश-विदर्भात काळी-पिवळीत, ज्याला जमले तो मोटारसायकलवर. जीपवाल्याने नोकरी नसताना पोट भरायला गाडी घेतली, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण तो गर्दीच्या वेळी गर्दीच्या रस्त्यावरच येणार. संध्याकाळी साडेसातला पाच माणसांसाठी तो शेवटच्या गावाला जाणार नाही, आणि शाळेचा पास तर चालवणारच नाही. म्हणजे सर्व्हिस मोटारींच्या काळात जे होते तेच पुन्हा आले. दुसऱ्या टोकाला, लांब पल्ल्याच्या नफ्याच्या मार्गांवर खासगी आरामगाड्या आल्या. परवाना कंत्राटी वाहतुकीचा आणि प्रत्यक्ष काम टप्प्याटप्प्याने उतारू घेण्याचे. एसटीनेही जमेल तसे तोंड दिले. १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर ‘एशियाड’ या नावानेच ओळखल्या गेलेल्या निमआराम गाड्या काढल्या. पुढे शिवनेरी, हिरकणी, शिवशाही आल्या. १ जून २०२२ ला, बरोबर त्याच पुणे–नगर मार्गावर, विजेवर चालणारी शिवाई धावली. पण ज्या कमाईतून आडबाजूच्या फेरीचे डिझेल भरले जायचे, ती कमाई वाटली गेली. आडवी मदत आटली, फेरीची जबाबदारी मात्र महामंडळाच्या गळ्यात तशीच राहिली.

यात सरकारचा वाटा काय? प्रवाशांवरील कराचा कायदा १९५८ चा आहे, आणि एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. वाडीवरच्या म्हातारीच्या तिकिटातूनही हा कर सरकारजमा होतो. डिझेलवरचा कर वेगळा, टोल वेगळा. २०२५ मध्ये सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. हा आकडा वाचून ‘पांढरा हत्ती’ म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की मुक्कामी फेरीचे पैसे, पासाचे पैसे, आपत्तीत धावलेल्या गाड्यांचे पैसे पाऊणशे वर्षांत वेळच्या वेळी आणि पूर्ण मिळाले असते, तर हा आकडा किती उरला असता?

आपत्तीचे म्हणाल तर फार मागे जायला नको. २०२० च्या एप्रिलअखेर टाळेबंदीमुळे राजस्थानात कोट्याला अडकलेली आपली मुले आणायला धुळ्याहून एसटीच निघाली. परप्रांतीय मजूर टाळेबंदीत पायी निघाले तेव्हा त्यांना राज्याच्या हद्दीपर्यंत तिनेच पोहोचवले. प्रवासी बंद झाले तेव्हा याच गाड्यांची आसने काढून त्यांतून माल वाहिला.

आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षात, नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास, कर्मचारी संपावर गेले ते एप्रिल २०२२ पर्यंत. मागणी होती महामंडळ राज्य सरकारात विलीन करा अशी. पगार अपुरे आणि तेही वेळेवर नाहीत, हे त्या मागणीच्या तळाशी होते. त्या काळात काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. विलीनीकरण योग्य की अयोग्य यावर मते वेगळी असू शकतात. माझे मत असे, की विलीनीकरणाने फेरीचा प्रश्न सुटला नसता. पण रात्रभर घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला महिन्याचा किराणा भरता येऊ नये, ही गोष्ट आपण सगळ्यांनी इतकी वर्षे चालवून घेतली. हे आपल्याला शोभणारे नव्हते.

संपानंतर सरकारने दोन मोठ्या सवलती दिल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट. मी या दोन्ही सवलतींच्या बाजूचा आहे. लेकीकडे, माहेरी, देवाला, दवाखान्यात जाताना बाईला आता घरात पैसे मागावे लागत नाहीत किंवा कमी मागावे लागतात, ही लहान गोष्ट नाही. गाड्या पुन्हा भरल्या त्या या सवलतींमुळे. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देते, आणि महामंडळाच्या उत्पन्नाचा तो आता मोठा भाग आहे.

पण इथेच माझा मुद्दा आहे. सरकारने तिकिटाला पैसे दिले, फेरीला दिले नाहीत. दशकभरापूर्वी ताफ्यात अठरा हजारांच्या घरात गाड्या होत्या. महामारी आणि संप उलटल्यावर त्या पंधरा हजारांच्या आसपास उरल्या, त्यातल्याही कितीतरी जुन्या. प्रवासी वाढले आणि गाड्या घटल्या. साहजिकच असलेली गाडी जिथे उतारू जास्त तिथे जाते. आषाढीला आणि गणपतीला हजारो जादा गाड्या सोडायच्या असतात. त्या ठिकठिकाणच्या आगारांतूनच येतात, आणि त्या आठवड्यात खेड्यांच्या फेऱ्या रद्द होतात. वारकरी पंढरीला पोहोचला पाहिजे, चाकरमानी कोकणात पोहोचला पाहिजे, यात वाद नाही. पण त्याची किंमत दर वेळी त्याच वाडीने का मोजायची? ज्या वाडीला गाडीच येत नाही, तिथल्या बाईला निम्म्या तिकिटाचा काय उपयोग?

याच्या उलट एक उदाहरण पाहा. १ जानेवारी २०२५ ला गडचिरोलीत अहेरीहून गर्देवाड्याकडे पहिली एसटी गेली. एटापल्ली तालुक्याचा हा नक्षलग्रस्त भाग. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी तिथे गाडी पोहोचली. खुद्द मुख्यमंत्र्यांनी ती सेवा सुरू केली. या फेरीचे भारमान कोणी विचारले नाही, आणि विचारूही नये. राज्य तुमच्यापर्यंत आले आहे, हे सांगायला ती गाडी गेली. सरकारला फेरीची किंमत कळत नाही असे म्हणता येणार नाही, हेच या उदाहरणावरून दिसते. गर्देवाड्याला जे लागू केले ते जव्हारला, अक्कलकुव्याला, पाटणला, मेळघाटाला आणि आपल्या तालुक्यालाही लागू व्हावे, एवढीच माझी मागणी आहे.

नेमके काय करायचे? प्रत्येक आगाराने गावनिहाय किमान फेऱ्या ठरवाव्यात: सकाळी शाळेच्या वेळेची एक, संध्याकाळी परतीची एक, आणि शेवटच्या गावाला मुक्कामी एक. या फेऱ्यांचा किलोमीटरमागचा खर्च आणि तिकिटातून आलेले पैसे यांतला फरक राज्याने अर्थसंकल्पात वेगळा दाखवून महामंडळाला द्यावा. तोटा म्हणून नव्हे, विकत घेतलेल्या सेवेचे बिल म्हणून. आपण रस्त्याला पैसे देतो तेव्हा रस्ता तोट्यात आहे असे म्हणत नाही. मग त्या रस्त्यावरून जाणाऱ्या एकमेव गाडीलाच हा शब्द का लावायचा? प्रवासी कर या किमान फेऱ्यांपुरता तरी माफ व्हावा. नव्या गाड्या येत आहेत. लेलँडच्या २,६४० स्वमालकीच्या गाड्या घेतल्या आहेत, भाड्याच्या ५,१५० विजेच्या गाड्यांचा करार झाला आहे. त्यांतल्या किती गाड्या मोठ्या शहरांदरम्यान जातात आणि किती आगारांच्या ग्रामीण फेऱ्यांना मिळतात, हे जाहीर झाले पाहिजे.

आणि एक काम आपण करायचे आहे. कुठली फेरी रद्द झाली, कधी आणि कशासाठी, याची नोंद प्रत्येक आगारात असते. ग्रामसभेने ठराव करून ती मागावी. माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला तर तोही करावा. दहा वर्षांपूर्वीचे वेळापत्रक आणि आजचे वेळापत्रक शेजारी ठेवले की कोणत्या गावाची कोणती गाडी गेली हे कोणालाही वाचता येईल. आगार व्यवस्थापकाशी भांडून उपयोग नाही. त्याच्याकडे गाड्याच नाहीत. ती यादी घेऊन आमदारांकडे आणि पालकमंत्र्यांकडे जायचे आहे. या व्याख्यानमालेच्या मंडळींनी आपल्या तालुक्यापुरते हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत यादी तयार व्हायला हवी. कागद जुळवायला आणि गावोगाव फिरायला मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे.